जोडीला की ऐवजी? दमलेले हृदय, चिनी कॅप्सूल आणि आपली जडीबुटी

१. लोक काय विचारतात

ईट हे धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातले गाव. अशा गावातल्या माणसाला चालताना धाप लागू लागली, पायांवर सूज दिसू लागली, की आधी जवळचा डॉक्टर आणि तिथून इको काढायला बार्शी, धाराशिव नाहीतर सोलापूर, असा प्रवास ठरलेला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. परत येताना पिशवीत पाच-सहा प्रकारच्या गोळ्या असतात आणि कागदावर एक आकडा असतो : पंपिंग ३० टक्के.

मग सल्ल्यांना ऊत येतो. कोणी म्हणते, अर्जुनाची साल दुधात उकळून द्या. कोणी लांबच्या एका पुडीवाल्याचा पत्ता देते. एखादा पुतण्या मोबाइलवर बातमी दाखवतो की चीनमध्ये झाडपाल्याची कॅप्सूल निघाली आहे आणि तिने हृदयाचे रोगी वाचतात. शेवटी घरातले कोणीतरी डॉक्टरांना विचारतेच, "साहेब, ह्या गोळ्या बंद करून झाडपाल्याचं चालू केलं तर चालंल का?"

प्रश्न वेडगळ नाही. गोळ्या महाग आहेत, जन्मभराच्या आहेत, आणि झाडपाल्याने माणसाला गुण येतो हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्याला नुसते "नाही" म्हणून भागत नाही. चीनमधली ती कॅप्सूल खरोखर आहे, तिची मोठी चाचणीही झाली आहे. तिच्यापासूनच सुरुवात करू. पण आधी आजार समजून घ्यायला हवा.

२. हृदय दमते म्हणजे काय होते

हृदय ही मुठीएवढी स्नायूंची पिशवी. विसाव्यातल्या माणसातही ती दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. प्रत्येक ठोक्याआधी डावा कप्पा रक्ताने भरतो आणि ठोक्यासरशी त्यातले काही रक्त बाहेर फेकतो. भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेले, तो आकडा म्हणजे पंपिंग.

एक हिशेब करू. निरोगी कप्प्यात समजा १२० मिलिलिटर रक्त भरले आणि ७० बाहेर गेले, तर पंपिंग झाले ५८ टक्के. दमलेला कप्पा फुगतो. त्यात समजा २०० मिलिलिटर रक्त भरते आणि ६० बाहेर जाते. म्हणजे ३० टक्के. बाहेर पडणाऱ्या रक्तात फरक फक्त १० मिलिलिटरचा, पण तेवढे काढण्यासाठी कप्प्याला भलतेच ताणून घ्यावे लागले. निरोगी माणसाचे पंपिंगही साधारण ५५ ते ७० टक्केच असते, शंभर कोणाचेच नसते. त्यामुळे ३० म्हणजे ७० टक्के हृदय मेले, असा अर्थ काढून घाबरू नये. मात्र ४० किंवा त्याखालचा आकडा आला तर हृदय अशक्त झाले आहे, हे नक्की.

कारणे बरीच : आधी येऊन गेलेला झटका, वर्षानुवर्षे न तपासलेले बीपी, मधुमेह, झडपेचा आजार, दारू. काही जणांचे पंपिंग चांगले असते, पण हृदय ताठ झाल्यामुळे त्यांना हाच त्रास होतो. त्यांची गोष्ट वेगळी आहे. इथे आपण अशक्त पंपिंगचेच बोलतो आहोत.

आता खरी गोम. हृदय बैल आणि शरीर गाडी, असे धरून चला. बैल अशक्त झाला, गाडी मंदावली. शरीराला बैल आजारी आहे हे कळत नाही, त्याला एवढेच कळते की पुढे रक्त कमी पोचते आहे. जखम होऊन रक्त वाहून गेले की जे करायचे तेच ते करू लागते. ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके सोडून ठोके वाढवते, म्हणजे बैलावर चाबूक उगारते. रक्तवाहिन्या आवळते, म्हणजे बैलापुढे चढ उभा करते. आणि मूत्रपिंडाकरवी मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, म्हणजे गाडीत आणखी पोती टाकते. जखमी माणसाचा जीव याच उपायांनी वाचतो, अशक्त हृदय मात्र यांनीच आणखी खचते. पायांची सूज, आडवे झाल्यावर लागणारी धाप, रात्री दचकून उठून बसणे हे सगळे त्या साठलेल्या पाण्याचे.

या आजाराची गंभीरता लोकांना पुरती कळलेली नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १,२०५ रुग्णांची नोंद ठेवून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला गेला. रुग्णालयात दाखल झाल्यापासून पाच वर्षांत दर १० पैकी जवळजवळ ६ जण दगावले होते.

३. चालू गोळ्या काय करतात

बैल, चाबूक, चढ आणि पोती लक्षात असतील तर गोळ्यांची पिशवी सहज उलगडते.

पाण्याची गोळी, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, पोती उतरवते. आराम लवकर पडतो, म्हणून रोग्याचा विश्वास सगळ्यात जास्त हिच्यावर. मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली औषधे चाबूक काढून घेतात. एके काळी दमलेल्या हृदयाला ही देऊच नयेत असे डॉक्टरांना शिकवले जाई. मोठ्या चाचण्यांनी ते उलटे ठरवले. रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा नवे सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन चढ कमी करतात. स्पायरोनोलॅक्टोन मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला अडवते. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहासाठी काढलेली औषधे, जी मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही उपयोगी पडतात असे गेल्या काही वर्षांत दिसले.

पाण्याची गोळी सोडून बाकीची चार औषधे आयुष्य वाढवतात. पण त्यांचा परिणाम आठवड्या-महिन्यांनी दिसतो. त्यामुळे "या गोळीने तर काहीच फरक पडत नाही" म्हणून नेमकी तीच बंद केली जाते.

गावाकडे ज्यांना "इंग्रजी औषधे" म्हणतात त्यांची कुळकथा पाहिली तर गंमत वाटते. रामिप्रिलच्या घराण्यातले पहिले औषध, कॅप्टोप्रिल, ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून निघाले. ग्लिफ्लोझिन गटाचा पूर्वज सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडला होता. आणि डिजॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाच्या जातीतून येते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने एका म्हातारीच्या घरगुती काढ्याची ख्याती ऐकली. त्या काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली कामाची कोणती हे त्याने हेरले, मात्रा किती द्यायची ते रोग्यांवर पाहत गेला आणि १७८५ मध्ये सगळे अनुभव, अपयशांसकट, छापले. म्हणजे झाडपाला विरुद्ध गोळी अशी लढाई मुळातच नाही. झाडपाल्याची गोळी होईपर्यंत मध्ये एक कष्टाची वाट आहे.

४. चिनी वैद्य या आजाराकडे कसे पाहतो

चिनी परंपरेत शरीर चालते ते "छी" नावाच्या चैतन्यशक्तीवर. हृदयाची छी कमी झाली की रक्त ढकलले जात नाही. रक्त संथ झाले की जागोजागी अडते. अंगातली ऊब, ज्याला ते "यांग" म्हणतात, ती उणी पडली की पाणी पचत नाही, साठत जाते. म्हणून उपचार तीन अंगांनी : शक्ती आणि ऊब वाढवा, रक्त वाहते करा, पाणी काढा.

छी कोणत्याही यंत्रात दिसत नाही, तिचा रिपोर्ट निघत नाही. तरी हे निरीक्षण टाकाऊ नाही. अशक्तपणा, अडलेले रक्त, साठलेले पाणी ही तिन्ही लक्षणे या आजारात खरीच असतात. जुन्या वैद्यांनी ती नाडी, जीभ आणि सूज पाहून टिपली. त्यांचे स्पष्टीकरण आज पटेल न पटेल, पण त्यावरून निवडलेली औषधे काम करतात की नाही हे वेगळे तपासता येते. आपल्याकडच्या त्रिदोषांनाही हाच न्याय लागू होतो.

ज्या कॅप्सूलची चर्चा आहे तिचे नाव छिलीछ्यांगशिन. ती बनवणारी यीलिंग ही कंपनी चीनच्या हबेई प्रांतातल्या शिच्याच्वांग शहरातली. मराठी माणसाला हे शहर अगदीच परके नाही. सोलापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांची समाधी याच शहरात आहे.

५. अकरा वनस्पती, आणि त्यातली करडई

कॅप्सूलमध्ये ११ वनस्पतींचा अर्क आहे. शक्तीसाठी तीन : हुआंगछी नावाचे मूळ, जिनसेंग आणि शोधन केलेले फूत्झ. हे फूत्झ आपल्या बचनागाच्या जातीतले, कच्चे घेतले तर जीवघेणे. रक्त वाहते करण्यासाठी दोन : दानशेन नावाचे तांबडे मूळ आणि करडईच्या पाकळ्या. पाणी काढण्यासाठी तीन : मोहरी-आळिवाच्या कुळातले एक बी, पाणथळ जागेत वाढणारा एक कंद आणि पेरिप्लोका नावाच्या वेलीची साल. जोडीला चिनी दालचिनीच्या कोवळ्या फांद्या, युचू नावाचा कंद आणि संत्र्याच्या जातीतल्या फळाची वाळलेली साल.

यातली करडई वाचून मराठवाड्यातला शेतकरी थबकेल. करडई त्याच्या रब्बीच्या रानातली. ज्वारीच्या कडेने पट्टा पेरला की काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही आणि घरच्या तेलाचीही सोय होते. काढणीला हातपाय गुंडाळून जावे लागते, एवढे ते काटे. फूल उमलते तेव्हा पिवळे असते, मग केशरी होते आणि कोमेजता कोमेजता तांबडे. चिनी वैद्यकासाठी पाकळ्या खुडतात त्या पिवळ्याच्या तांबड्या होऊ लागल्या की. आपल्याकडे त्याच पाकळ्या बोंडावर वाळून जातात, कारण आपल्याला हवे असते बी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याच्या करडईचे वाण तयार केले तेव्हा पाकळ्या वेचणे सोपे झाले आणि त्या पाकळ्यांच्या चहाचाही प्रसार संस्थेने केला.

पण इथे एक धोंड आहे. पाकळ्या कॅप्सूलमध्ये आहेत म्हणजे पाकळ्यांच्या चहाने पंपिंग सुधारेल, असे होत नाही. चाचणी झाली ती ११ वनस्पतींच्या ठरावीक प्रमाणातल्या, कारखान्यात एकसारख्या केलेल्या अर्काची. त्यातली एक उचलून घरी उकळली की तिचा त्या चाचणीशी संबंध संपला.

६. परीक्षा कशी घेतली

औषधाने गुण आला हे कसे ठरवायचे? अमक्याने घेतले आणि तो बरा झाला, एवढ्यावर ठरवले तर घोटाळा होतो. तो माणूस त्याच दिवसांत मीठही कमी खात असेल, पाण्याची गोळीही नेमाने घेत असेल. म्हणून रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. कोणाला काय मिळते हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. शेवटी कुलूप उघडून मोजणी.

चीनमध्ये झालेल्या या चाचणीचे नाव क्वेस्ट. चीन आणि हाँगकाँगमधली १३३ रुग्णालये, ३,११० रुग्ण, सगळ्यांचे पंपिंग ४० टक्के किंवा त्याखाली. प्रत्येकाच्या नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवल्या. त्यावर रोज तीन वेळा चार-चार कॅप्सूल. पाठपुरावा सरासरी दीड वर्ष. निकाल २०२३ मध्ये ॲमस्टरडॅमला युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडला गेला आणि २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात छापून आला.

मोजले काय? हृदयविकाराने मृत्यू, किंवा हृदय आणखी खचल्यामुळे रुग्णालयात भरती. यातले काहीतरी घडले असे रुग्ण नुसत्या नेहमीच्या गोळ्यांच्या गटात होते ३०.०३ टक्के. कॅप्सूल जोडीला असलेल्या गटात २५.०२ टक्के. हृदयविकाराने झालेले मृत्यूही कमी होते, भरतीही कमी होती, आणि त्रासदायक परिणाम दोन्ही गटांत सारखेच दिसले.

बातम्यांत याचे वर्णन आले "धोका २२ टक्क्यांनी कमी". ते चूक नाही, पण घरच्या माणसाला त्यातून नेमके समजत नाही. आपण माणसे मोजू. शंभर रुग्ण नेहमीच्या गोळ्यांवर ठेवले तर दीड वर्षात ३० जणांवर वाईट प्रसंग येतो. कॅप्सूल जोडली तर २५ जणांवर. म्हणजे शंभरात पाच जण वाचले, वीस जणांत एक. रोज १२ म्हणजे दीड वर्षात एका माणसाच्या साधारण साडेसहा हजार कॅप्सूल झाल्या. वीस माणसांच्या मिळून सुमारे १ लाख ३० हजार. एवढ्या कॅप्सूल खाल्ल्या गेल्या तेव्हा एका माणसाचा वाईट प्रसंग टळला. शंभरांपैकी पंचवीस जणांवर तो कॅप्सूल घेऊनही आलाच, आणि सत्तर जणांवर तो घेतली नसती तरी आला नसता. यात कॅप्सूलला कमी लेखण्यासारखे काही नाही. या आजारातल्या नावाजलेल्या गोळ्यांचाही हिशेब असाच माणसे मोजून करावा लागतो. पण "चिनी औषधाने हृदय बरे होते" आणि "वीस जणांत एकाला फायदा" या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते बघा.

७. निकालातल्या मोकळ्या जागा

चांगल्या परीक्षेचा निकालही डोळे उघडे ठेवून वाचायचा असतो.

पहिली गोष्ट, चाचणीच्या खर्चात चीन सरकारच्या निधीबरोबर कॅप्सूल बनवणाऱ्या कंपनीचाही वाटा होता. असे जगभर होते, त्याने निकाल खोटा ठरत नाही. पण दुसऱ्या देशात, दुसऱ्या लोकांनी तो पुन्हा पडताळून पाहावा अशी अपेक्षा रास्त ठरते.

दुसरी, या रुग्णांची भरती २०१९ पासूनची. तेव्हा ग्लिफ्लोझिन गटाची औषधे हृदयासाठी नुकती येऊ लागली होती आणि चाचणीतल्या फार थोड्या जणांना ती चालू होती. चारही औषधे पुऱ्या मात्रेत घेणाऱ्याला कॅप्सूलने वर आणखी किती फायदा होईल, हे या चाचणीवरून सांगता येत नाही.

तिसरी सगळ्यात रंजक. पेरिप्लोकाच्या सालीत पेरिप्लोसिन नावाचे द्रव्य असते आणि ते डिजॉक्सिनच्या जातकुळीतले. हृदयाचा ठोका जोरकस करणारे, आणि मात्रा थोडी चुकली तर ठोका बिघडवणारेही. मग प्रश्न पडतो की गुण अकरा वनस्पतींच्या मेळाचा, की बराचसा या एका सालीचा? डिजॉक्सिनची स्वतःची मोठी चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ६,८०० रुग्ण होते. रुग्णालयातल्या भरती कमी झाल्या, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. चिनी कॅप्सूलमध्ये त्याहून जास्त काही आहे का, हे संशोधकांना अजून उलगडायचे आहे.

या तिसऱ्या मुद्द्याचा आपल्या बांधाशी संबंध आहे. पेरिप्लोका ज्या कुळातली त्याच कुळात आपली रुई येते, कण्हेर येते आणि पिवळ्या फुलांची बिट्टीही. तिघींतही हृदयावर काम करणारी द्रव्ये आहेत. बिट्टीतल्या एका द्रव्यावर, पेरुव्होसाइडवर, १९६०च्या दशकात भारतातच हृदयरोगासाठी संशोधन झाले होते. पण बिट्टीच्या बिया खाऊन जीव गेल्याच्या घटना आपल्याकडे आणि श्रीलंकेत कितीतरी. औषध आणि विष यांच्यामध्ये इथे फक्त मात्रा उभी असते, आणि झाडाच्या पानात-बियांत ती मात्रा कोणी मोजून घातलेली नसते.

८. आपल्याकडच्या दोन परीक्षा

चीनने हे केले, मग आपण काय केले? एक परीक्षा आपण फार आधी घेतली आणि जिंकली. सर्पगंधेचे मूळ वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणारे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते बीपीच्या रुग्णांना देऊन पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांचा वृत्तान्त छापला. जगाचे लक्ष या मुळाकडे वळले ते तेव्हा. तीनच वर्षांत, १९५२ मध्ये, त्यातले रेसर्पिन हे द्रव्य स्वित्झर्लंडमध्ये वेगळे काढले गेले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे जास्त मात्रेत मन खिन्न करण्याचा दोष दिसला, अधिक चांगली औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. यात त्या मुळाचा अपमान झाला नाही. परीक्षेला बसलेल्या प्रत्येक औषधाचे असेच होत असते.

दुसरी परीक्षा अर्जुनाची. अर्जुनसादडा ओढ्या-नद्यांच्या काठचा, पांढुरक्या गुळगुळीत सालीचा वृक्ष. दुधात उकळलेल्या सालीचा, म्हणजे अर्जुन क्षीरपाकाचा, हृदयरोगासाठी उपयोग आयुर्वेदात जुना. १९९५ मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी अतिशय खचलेल्या हृदयाच्या १२ रुग्णांना सालीचा अर्क दिला. सुधारणा उठून दिसली. आजही जाहिरातींत ज्या "संशोधनाचा" उल्लेख असतो तो बहुधा याच्यासारख्या छोट्या अभ्यासांचा. मग दिल्लीच्या एम्समध्ये १०० रुग्णांवर नीट, दोन गटांची, १२ आठवड्यांची चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचा निकाल आला. पंपिंगमध्ये फरक पडला नाही. काहींची चालण्याची ताकद, बरे वाटणे यात थोडी सुधारणा दिसली.

दोन निकाल वेगळे का? बारा जणांत दोघे इकडचे तिकडे झाले तर आकडा १७ टक्क्यांनी हलतो. तीन हजारांत दोघांनी काहीच हलत नाही. म्हणून छोटा अभ्यास आशा दाखवतो, निवाडा करत नाही. अर्जुनाची हजारो रुग्णांची, भरती आणि मृत्यू मोजणारी चाचणी व्हायला हवी. तशी चाचणी आपल्याकडे उभी राहत नाही यातच आपले खरे मागासलेपण आहे, आयुर्वेदात नव्हे.

९. घरी काय पाळायचे

क्वेस्टमधल्या एकाही रुग्णाची चालू गोळी कॅप्सूलसाठी बंद केलेली नव्हती. जगातली वनौषधींची या आजारातली सगळ्यात मोठी परीक्षाही "जोडीला" घेतलेली आहे, "ऐवजी" नव्हे. यावरून बाकीचे आपोआप ठरते.

चालू गोळ्या मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर चाबूक दुप्पट जोराने परत येतो.

चिनी कॅप्सूल ऑनलाइन मागवू नका. तिच्यातला दानशेन रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम वाढवतो, आणि ज्याला डिजॉक्सिन चालू आहे त्याच्यात पेरिप्लोकाची भर पडणे धोक्याचे.

वैद्यांकडे जरूर जा, पण पदवी असलेल्या. धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. वैद्यांना गोळ्यांची यादी दाखवा आणि डॉक्टरांना काढ्यांची. कशात काय आहे ते न सांगता दिलेली पुडी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड कालवलेले सापडते. त्याने चार दिवस तरतरी येते आणि अंगात पाणी धरते.

काढ्यात ज्येष्ठमध असेल तर तो टाळा. सर्दी-खोकल्याला चांगला, पण रोज घेतला तर मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम उतरवतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही पाणी धरतात. धाप वाढून भरती झालेल्या रुग्णाच्या खिशात अशी पाकिटे कितीदा तरी निघतात.

मीठ दिवसभरात मिळून चहाचा एक सपाट चमचा, त्याच्या आत. भाकरीवर घेतलेला ठेचा, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ यातच धरायचे. सैंधव हेही मीठच. आणि "कमी सोडियमचे" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. सूज दिसायच्या आधी वजनकाटा सांगतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट स्वतःहून विचारायची. तिची जाहिरात कुठेच होत नाही. या चार औषधांची सुरुवात बारीक मात्रेने करतात आणि बीपी, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहत पाहत ती वाढवत नेतात. प्रत्यक्षात रुग्ण पहिल्या चिठ्ठीवरच वर्षानुवर्षे गोळ्या आणत राहतो आणि मात्रा वाढायची राहून जाते. पुढच्या खेपेला इकोचा कागद, गोळ्यांची पिशवी आणि वजनाची वही बरोबर न्या आणि विचारा : "चारही औषधे चालू आहेत का, आणि मात्रा वाढवायची राहिली आहे का?" एखाद्या वनस्पतीचा अर्क जोडीला घ्यायचा की नाही, हे त्यानंतर बघता येईल.